काचेतलं कासव

माझं काम म्हणजे दिवसभर बसून मुलं काय बोलतात ते वाचायचं. हे ऐकलं की लोक म्हणतात, "अय्या, किती मजा!" मी म्हणते, या एक दिवस, बसा माझ्या खुर्चीवर. दुपारच्या जेवणापर्यंत तुम्हीसुद्धा माझ्यासारखे व्हाल.

वेबसाइट लहान मुलांची आहे. सात ते बारा वर्षांची मुलं तिथे येतात, विटेवर वीट ठेवून घरं बांधतात, किल्ले, बागा, घसरगुंड्या करतात, एकमेकांकडे खेळायला जातात आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत गप्पा मारतात. खरं नाव कुणालाच वापरता येत नाही. खातं उघडलं की वेबसाइटच एक प्राणी आणि एक आकडा देऊन टाकते. ससा एकोणीस, घुबड सत्तर, असं. मुलांनी आपले आपण काही कायदेही केलेत. दुसऱ्याच्या घरातली एखादी वस्तू आवडली तर "घेऊ का?" असं तीनदा विचारायचं. मालक "नको" म्हणाला तर मुकाट्याने निघायचं. मालक काहीच बोलला नाही, तर वस्तू विटांसकट आपली. हा कायदा आम्ही केलेला नाही, पण मुलं तो आमच्या नियमांपेक्षा जास्त पाळतात.

आम्ही अकरा जण तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत बसून हे सगळं डोळ्यांत तेल घालून वाचतो. कुणी पत्ता, फोन किंवा शाळा विचारली की ती ओळ लाल होते. मग आम्ही काच घालतो.

पूर्वी नियम मोडणाऱ्या मुलाला सरळ हाकलून देत. पोरगं पाच मिनिटांत नवं खातं उघडून परत हजर, आणि पाठोपाठ आईचा फोन, आमचं बाळ असं करूच शकत नाही. म्हणून काच आली. बटण दाबलं की त्या मुलाचं बोलणं फक्त त्याचं त्यालाच दिसतं. बाकीच्यांचं बोलणं त्याला दिसतं, बाकीच्यांना ते हिंडताना दिसतं, पण मुकं. आणि हे त्याला कळू द्यायचं नाही. बडबडून बडबडून ते कंटाळतं आणि आपोआप सुधारतं, असं आमच्या मॅडमनी शिकवताना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या पडद्यावर दोन बटणं येतात, "काढा" आणि "राहू द्या". ज्याने काच घातली त्यानेच ठरवायचं. त्याच्याशिवाय फक्त मॅडमना ती काढता येते.

कासव बेचाळीसला काच मी घातली. मंगळवार होता. कासवाने आपल्या तीन मित्रांना लिहिलं, "तुमची शाळा कोणती? मी आईला सांगून तिथेच नाव घालते." ओळ लाल झाली. मी ताकीद पाठवली. दहा मिनिटांनी परत, "सांगा ना, मी कुणालाच सांगणार नाही." आता, मी कुणालाच सांगणार नाही हे वाक्य वाचलं की आमचे कान टवकारतात. मोठी माणसं लहान बनून इथे शिरतात ती हेच म्हणतात. मी बटण दाबलं. त्या दिवशी मी बरोबर केलं, हे मी कुणापुढेही म्हणेन.

पुढचं मात्र म्हणता येणार नाही.

शुक्रवारपर्यंत मला पुरतं कळलं होतं की हे कासव म्हणजे एक लहान मुलगी आहे. काचेतली मुलं पहिल्या दिवशी चिडतात, दुसऱ्या दिवशी शिव्या देतात, तिसऱ्या दिवशी फिरकत नाहीत. ही बया दिवसेंदिवस जास्त नम्र व्हायला लागली. "हॅलो." "मी आले." "कुणाला वेळ असेल तर माझ्या घराला सहावी खिडकी झालीय." उत्तर नाही. "वेळ नसेल तर राहू दे. खिडकी काही पळून जात नाही." चहाच्या वेळी मी हे दाढीला वाचून दाखवलं. दाढी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, नावाप्रमाणेच. तो इतका हसला की त्याचा चहा कीबोर्डवर सांडला. संध्याकाळी दोन बटणं आली. मी "राहू द्या" दाबलं. पुढे काय होतंय ते बघायचं होतं, एवढंच कारण.

मग ती रोजची करमणूकच झाली. कासव समोर येईल त्याला घरी बोलवायचं, म्हणून मी तिचं नाव आमंत्रणबाई ठेवलं. सकाळी आल्या आल्या लोक विचारायचे, "काय म्हणतायत आज आमंत्रणबाई?" मी नाकातून बारीक आवाज काढून वाचायची. "कालचं आमंत्रण पोचलं नसेल म्हणून परत देतेय." हशा. "माझं काही चुकलं असेल तर सॉरी." हशा. एका दुपारी तिने सॉरी इतक्या वेळा लिहिलं की दाढीने ते मोजून भिंतीवरच्या फळ्यावर आकडा मांडला. सोमवारी मी "राहू द्या" दाबलं. गुरुवारी परत. त्याच गुरुवारी तिने जाहीर केलं की शनिवारी चार वाजता तिच्या नव्या झोक्याचं उद्घाटन आहे, फीत कापायची आहे, सगळ्यांनी चांगले कपडे घालून यायचं. आता वेबसाइटवर कपडे कुठले! मी खुर्चीवर उभी राहून ते अख्ख्या खोलीला वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

शनिवार-रविवार मला सुट्टी असते. त्या शनिवारी मी ताईकडे गेले.

माझी ताई एका दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. तिला एकच मुलगी, नऊ वर्षांची. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण जन्मली तेव्हा ती एका तळहातावर मावायची. चार महिन्यांपूर्वी मुंगीची शाळा बदलली, आणि नव्या वर्गातल्या मुलींनी एक खेळ काढला. मुंगी नाहीच, असं समजायचं. तिने पेन्सिल मागितली तर इकडेतिकडे बघायचं. ती बाकावर बसली की त्या जागेवर दप्तर ठेवायला यायचं आणि "अगंबाई, इथे काहीतरी आहे वाटतं" म्हणायचं. बाईंना सांगितलं तर बाई म्हणाल्या, मुलंच आहेत, होईल कमी. ताई मला फोनवर हे सांगताना रडली होती. तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "आमच्या वेबसाइटवर बसव तिला. तिथे कुणी तिच्या वाटेला जाणार नाही. मी बसलेय ना तिथे!"

नातेवाइकांच्या मुलांची खाती ऑफिसला कळवायचा एक फॉर्म असतो. तो भरायचा मी कंटाळा केला. मुंगीला कोणता प्राणी मिळाला, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही.

दार मुंगीनेच उघडलं. केस चापूनचोपून बसवलेले, अंगात नवा निळा फ्रॉक, पायात मोजेसुद्धा.

"बरोबर वेळेवर आलीस, मावशी," ती माझा हात धरून ओढत म्हणाली. "चारला आहे. तू माझ्या शेजारी बस, पण मध्ये बोलू नकोस हं."

"कुठे लग्नाला निघाल्येस?" मी विचारलं.

"लग्न नाही गं. उद्घाटन."

एवढ्यानेही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. इतकी मी हुशार. आतल्या खोलीत गेले तर कॉम्प्युटरच्या शेजारी ताईने बशीत बिस्किटं मांडून ठेवली होती, चार रांगा, पाहुण्यांसाठी असतात तशी. पडद्यावर दोन मनोरे होते आणि त्यांच्यामध्ये पिवळ्या विटांचा झोका. झोक्याला लाल फीत. बाजूला एक कासव उभं होतं आणि त्याच्या डोक्यावर आकडा बेचाळीस.

  आमंत्रणबाई निळ्या फ्रॉकमध्ये माझ्या शेजारी उभी होती.

"आवडला?" मुंगीने विचारलं. "नऊ दिवस लागले. ससा आणि घुबड आणि कोल्हा माझ्यावर रागावलेत, का ते माहीत नाही. पण उद्घाटनाला लोक राग विसरून येतात, आई म्हणाली."

चार वाजायला आठ मिनिटं होती. "पाणी पिऊन येते," म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे ताई कपडे घडी करत होती, म्हणून तशीच बाहेरच्या गॅलरीत गेले आणि दाढीला फोन लावला.

"ऐक," मी म्हटलं, "कासव बेचाळीसची काच काढायची आहे. आत्ता."

"अगं, मी कशी काढू? तू घातलीस. तुझ्याशिवाय नाहीतर मॅडमशिवाय निघत नाही."

"मग मॅडमना फोन कर."

"फोन कशाला? माझ्या मागेच उभ्या आहेत." मागून हसण्याचे आवाज येत होते, खुर्च्या सरकत होत्या. "सगळेच आहेत. चार वाजायची वाट बघतायत. तूच नाही का सांगून ठेवलंस, आमंत्रणबाईंचं उद्घाटन म्हणून! देऊ का मॅडमना?"

एकच वाक्य बोलायचं होतं. ती माझी भाची आहे, बास. मॅडम काही राक्षसीण नाहीत; त्यांनी तिथल्या तिथे बटण दाबलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं की फॉर्म का नाही भरला, आणि तीनदा "राहू द्या" कुणी दाबलं, आणि कशासाठी. पुढच्या महिन्यात मला माझ्या शिफ्टची प्रमुख करणार होते. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि हे सगळं एका श्वासात माझ्या मनात येऊन गेलं. मला वाटत होतं की आपण विचार करतोय. खरं तर माझं ठरून गेलं होतं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे." आणि फोन ठेवला.

आत आले तेव्हा चार वाजले होते. मुंगी ताठ बसली होती, दोन्ही हात कीबोर्डवर. चार वाजून सहा मिनिटांनी खरंच तिघे हिंडत हिंडत आले. ससा एकोणीस, घुबड सत्तर आणि कोल्हा पाच.

"आले! आई, आले!" मुंगी किंचाळली आणि टाइप करायला लागली. "या या! आधी फीत कापायची, मग झोका. पहिला नंबर सशाचा."

पट्टीत तिची ओळ उमटली. अगदी स्पष्ट दिसत होती. तिच्याखाली सशाची ओळ आली. "कासव आहे इथे."

"बोलणार नाही ते," घुबडाने लिहिलं. "किती दिवस झाले, एक शब्द नाही. शिष्ट आहे."

"मी शिष्ट नाही!" मुंगीने लिहिलं. "मी रोज बोलते! आत्तासुद्धा बोलतेय!"

"पण झोका भारी आहे," कोल्ह्याने लिहिलं. "घेऊ का?"

 मुंगीने लिहिलं, "नको. तुमच्यासाठीच आहे, पण इथेच ठेवायचा."

"घेऊ का?"

"नको ना."

"घेऊ का? तीनदा झालं."

"नको नको नको नको"

तिघांनी थोडी वाट बघितली. नियमाला धरून वाट बघितली, हे मला सांगितलंच पाहिजे. मग घुबडाने पहिली वीट काढली. वीट निघाली की टप असा आवाज येतो, मुलांना तो फार आवडतो. टप. टप. मुंगीने टाइप करणं सोडलं आणि कासवाला पळवत झोक्यासमोर आणून उभं केलं. बोलून कळत नाही म्हटल्यावर ती ते डावीकडे-उजवीकडे हलवायला लागली, नाही, नाही, अशी मान हलवल्यासारखं. जोरजोरात. तिची स्वतःची मानही तशीच हलत होती.

"बघा, नाचतंय!" सशाने लिहिलं.

"हाहाहा," कोल्हा.

"हाहाहाहा," घुबड.

लाल फीत कुणीच कापली नाही. शेवटी तीसुद्धा कोल्ह्याने उचलली. सगळं मिळून चार मिनिटंही लागली नसतील. दोन मनोरे राहिले, मध्ये मोकळी जागा, आणि कासव. तिघे निघून गेले. जाताना ससा "थँक्यू कासव" म्हणाला. चांगल्या वळणाचा होता.

मला वाटलं मुंगी रडेल. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि ते सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे वळली आणि एखादा अवघड हिशेब विचारावा तसं तिने विचारलं, "मावशी, माझ्यात नक्की काय आहे गं? शाळेतल्या मुलींनी मला बघितलंय तरी. यांनी तर बघितलंही नाही. तरी तसंच."

मी काही दगडाची नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिचे हात धरले.

"तुझ्यात काही नाही, मुंगे," मी म्हटलं. "त्यांना तुझं बोलणं दिसतच नाहीये. तुला काचेत ठेवलंय. तू शाळेचं नाव विचारलंस ना, तो नियम मोडला. तेव्हापासून तू जे लिहितेस ते त्यांना दिसत नाही. त्यांना वाटतंय तूच गप्प आहेस."

तिने हे नीट ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बघितलं. सगळ्या ओळी तिथेच होत्या, तिच्या आणि त्यांच्या, एकाखाली एक.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं नसतं. तशी पद्धत आहे."

"कुणी ठेवलं मला काचेत?"

"आमच्या ऑफिसमधल्या एकाने."

"तू नाही ना?"

"नाही गं."

"तू असतीस तर ओळखलंच असतंस मला," ती म्हणाली, आणि माझी समजूत घातल्यासारखा माझा हात थोपटला. "मी बोलते तसंच लिहिते, आई म्हणते."

मी म्हटलं सोमवारी गेल्या गेल्या काच काढते, नक्की काढते. तिला ते पुरेसं वाटलेलं दिसलं नाही. खाली मान घालून ती फ्रॉकची कड दुमडत बसली. "म्हणजे इतके दिवस कुणीच वाचलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "सगळं फुकट."

आणि मला ते बघवेना. तिला काहीतरी द्यावं म्हणून, हातात दुसरं काही नव्हतं म्हणून, मी बोलून बसले, "असं कसं? आमच्या ऑफिसमध्ये दिसतं ना. तिथे सगळे वाचत होते. रोज."

मुंगीने मान वर केली. "सगळं?"

"सगळं. सकाळी आले की आधी तुझंच विचारायचे."

"खिडकीचं पण?"

"खिडकीचं पण."

तिचा चेहरा असा खुलला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. "आता वाचत असतील?"

"असतील."

ती कॉम्प्युटरकडे वळली. मी "थांब" म्हणायच्या आत तिने लिहायला सुरुवात केली होती, एक एक अक्षर शोधून, चुकलं की खोडून. "ऑफिसमधल्या सगळ्यांना नमस्कार. तुम्ही माझं रोज वाचता हे मला आजच मावशीकडून कळलं. थँक्यू. माझा झोका गेला पण घर आहे. सहा खिडक्या आहेत. तुम्हाला आत्ता वेळ असेल तर या."

तिने ती ओळ पाठवली. माझ्या हातातला फोन लगेच थरथरला. दाढी होता. "अगं, मेलो! आमंत्रणबाई आता आपल्यालाच बोलावतायत! मॅडम हसून हसून खाली बसल्या. आणि ही मावशी कोण?" आणि त्याच्यापुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, एक अख्खी ओळ. मी बघत असतानाच दुसऱ्या कुणीतरी तसेच आणखी पाठवले.

"त्यांचाच आहे का?" मुंगीने विचारलं. "काय म्हणतायत?"

मी फोन उलटा करून मांडीवर दाबून धरला.

"येतो म्हणाले."

"सगळे?"

"सगळे."

"किती जण आहेत?"

"अकरा," मी म्हटलं. मग म्हटलं, "मला सोडून दहा."

"तुझी पण खुर्ची धरते," ती म्हणाली. "पण जरा थांबायला सांग त्यांना, खुर्च्या नाहीयेत." एवढं बोलून तिने त्या मोकळ्या जागेत पहिली वीट ठेवली. स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, पाहुणे गेले का, चहा टाकू का. "दुसरे येतायत," मुंगी ओरडून म्हणाली, "मोठी माणसं आहेत, त्यांच्यासाठी टाक." फोन मांडीवर थरथरत राहिला. तिच्या चार खुर्च्या झाल्या, मग पाच, आणि मी तिच्या शेजारी बसून त्या मोजत होते.